कन्झर्व्हेटरीसाठी ब्लाइंड्स: पैसे आधी छतावर घाला

जून महिन्यात भर दुपारी लंडनमध्ये सूर्य क्षितिजापासून सुमारे 62 अंश वर येतो, डिसेंबरात जेमतेम 15 अंश. घरामागच्या काचेच्या खोलीला, म्हणजे कन्झर्व्हेटरीला, ब्लाइंड्स घ्यायचे असतील तर कापडाचे नमुने बघण्याआधी हे दोन आकडे लक्षात ठेवा. उन्हाळ्यातलं दुपारचं ऊन मुख्यतः छतातून उतरतं, हिवाळ्यातलं तिरपं होऊन भिंतीच्या काचांतून येतं. तरी ब्रिटनमधल्या पुष्कळ घरांत पहिले ब्लाइंड्स लागतात ते बाजूच्या खिडक्यांना. त्या हाताला येतात, माप सोपं असतं, खर्चही कमी. छप्पर ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणून राहून जातं आणि जुलैत त्या खोलीत पाय ठेववत नाही. 19 जुलै 2022 रोजी लिंकनशायरमधल्या कॉनिंग्जबी इथे 40.3 अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं, हे ‘इंग्लंडात कशाला हवा पडदा’ म्हणणाऱ्यांना सांगायला हवं. काचेचं छप्पर असलेल्या दक्षिणमुखी खोलीला तर असा विक्रमी दिवसही लागत नाही. स्वच्छ ऊन आणि बंद खिडक्या एवढं पुरतं.

बजेट तुटपुंजं असेल तर आमचा सल्ला स्पष्ट आहे. पहिल्या वर्षी फक्त छप्पर करा, बाजू उघड्या राहू द्या. उलट केलंत तर पैसे जातील आणि उकाडा राहील.

आता मुळाशी जाऊ. ऊन काचेतून सहज आत येतं. ते फरशीवर, सोफ्यावर किंवा ब्लाइंडवर पडलं की त्याची उष्णता होते, आणि ही उष्णता काचेतून तशीच सरळ बाहेर पडत नाही. म्हणजे आतून लावलेला ब्लाइंड ऊन अडवतो तेव्हा ते घरात शिरलेलंच असतं. ब्लाइंडने जेवढं ऊन प्रकाशाच्याच रूपात काचेतून परत पाठवलं तेवढीच खरी सुटका. जे शोषून घेतलं ते खोलीच्या वाट्याला आलं. त्यामुळे आतल्या ब्लाइंडची काचेकडची बाजू कशी आहे यावर सगळं अवलंबून आहे. दुकानात मात्र दाखवतात ती खोलीकडची बाजू: रंग, पोत, सोफ्याशी जुळतं की नाही. नमुना हातात आला की आधी उलटा करा. मागे चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचा थर किंवा निदान पांढराशुभ्र रंग हवा. दोन्हीकडून गडद करडं कापड छताला लावणं म्हणजे डोक्यावर रेडिएटर टांगणं.

विक्रेत्याकडे तीन आकडे मागा: कापड किती टक्के ऊन परत पाठवतं, किती आरपार सोडतं आणि किती शोषतं. तिन्हींची बेरीज 100 व्हायला हवी. चांगल्या कापडांच्या माहितीपत्रकात हे आकडे छापलेले असतात, आणि कापडांची प्रतवारी करण्यासाठी ईएन 14501 हे युरोपीय मानक आहे. छतासाठी परत पाठवण्याचा आकडा जितका मोठा तितका बरा. नुसतं ‘थर्मल’ किंवा ‘ब्लॅकआउट’ लिहिलेलं असेल तर त्यावर जाऊ नका. ब्लॅकआउट कापड उजेड पूर्ण अडवतं, पण तो शोषून अडवत असेल तर उन्हाळ्यात काहीच उपयोग नाही.

एक अपवाद सांगायलाच हवा. छताची काच मुळातच सोलर कंट्रोल असेल, म्हणजे हलकी निळसर किंवा करडी छटा असलेली लेपित काच, तर बरंचसं काम काचेनेच केलेलं असतं. तिथे धातूच्या थराच्या महागड्या कापडाचा हट्ट नको. काच कोणती ते आठवत नसेल तर संध्याकाळी लायटरची ज्योत दुहेरी काचेसमोर धरा. ज्योतीची चार प्रतिबिंबं दिसतात. त्यातलं एक वेगळ्या रंगाचं दिसलं तर काचेवर लेप आहे, पण तो सोलर कंट्रोलचाच आहे असं त्यावरून ठरत नाही.

छतासाठी बाजारात मुख्यतः चार-पाच प्रकार मिळतात आणि त्यांत आमची पसंती धातूचा थर असलेल्या चुण्यांच्या, म्हणजे प्लीटेड ब्लाइंडला आहे. बारीक चुण्यांमुळे तो मिटून अगदी थोड्या जागेत मावतो, तिरक्या छतावर ताणलेल्या दोऱ्यांवरून सरकतो आणि त्रिकोणी किंवा तिरप्या कडेच्या भागालाही बेतता येतो. याचाच मोठा भाऊ म्हणजे हनीकोम्ब. यात कापडाचे दोन पदर असतात आणि मधे मधमाशीच्या पोळ्यासारखे कप्पे. कप्प्यांत हवा अडकून राहते, त्यामुळे हिवाळ्यातही उपयोग होतो. खोली बारा महिने वापरायची असेल, तिथे कुणी अभ्यासाला किंवा कामाला बसणार असेल, तर छताला धातूचा थर असलेला हनीकोम्बच घ्यावा. फक्त उन्हाळ्याचा प्रश्न असेल तर साधा प्लीटेड पुरतो.

या दोन्हींचा दुबळा भाग म्हणजे दोऱ्या. छतावरचा ब्लाइंड आडवा किंवा तिरका असतो, त्यामुळे त्याचं सगळं वजन ताणलेल्या दोऱ्यांवर येतं. उन्हाने आणि ताणाने त्या वर्ष-दोन वर्षांत थोड्या सैलावतात आणि कापड मधे झोळीसारखं लोंबायला लागतं. चांगल्या रचनेत टोकाला स्प्रिंग असते आणि ताण पुन्हा देता येतो. ऑर्डर देण्याआधीच विचारा: ताण कुठून वाढवायचा, दोरी तुटली तर जागेवर बदलता येते का, की अख्खा ब्लाइंड कारखान्यात पाठवावा लागतो? याचं उत्तर गोलमोल आलं तर दुसरा विक्रेता बघा. रुंद भागाला दोनच दोऱ्या दिल्या असतील तर तिसरी मागा.

दुसरा दोष उष्णतेचा. काच आणि बंद ब्लाइंड यांच्यामधली हवा खोलीपेक्षाही कितीतरी जास्त तापते. स्वस्त कापडाच्या चुण्या तिथे सपाट होतात, चिकटवलेल्या कडा सुटतात. चुण्या कायमच्या बसवलेल्या पॉलिस्टरच्या आणि कडेची पट्टी अ‍ॅल्युमिनियमची असावी. ही तापलेली हवा अडकूनच राहिली तर काचेलाही धोका असतो: काचेचा मधला भाग तापतो, चौकटीत दडलेली कड थंड राहते आणि ताणाने काच तडकू शकते. टफन्ड, म्हणजे तापवून कणखर केलेली काच हे सोसते; साधी काच आणि जाळीची तार घातलेली जुनी काच फार जपावी लागते. काच आणि ब्लाइंड यांच्यात सुमारे 50 मिलिमीटर अंतर आणि वर-खाली हवा खेळायला फट, एवढं तरी बघाच.

पिनोलियमबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण दिसायला तो सगळ्यांत देखणा. लाकडाच्या बारीक काड्या दोऱ्याने विणून केलेला हा पडदा पाहिला की आपल्याकडच्या बांबूच्या चिकांची आठवण होते. उजेड गाळून येतो, हवा आरपार जाते, लाकूड वर्षानुवर्षं टिकतं. झाडांनी भरलेल्या, बसून चहा घ्यायच्या खोलीला तो शोभतो. पण उष्णता अडवण्यात तो धातूच्या थराच्या कापडाच्या बरोबरीला येत नाही, आणि थंडीत तर त्याच्या फटींतून ऊब निघूनच जाते. दक्षिणमुखी खोलीत लॅपटॉप घेऊन बसणाऱ्याने केवळ रूपावर भाळून तो घेऊ नये.

छतावरचे रोलर ब्लाइंड्स आयताकृती भागांना ठीक आहेत, मात्र दोन्ही कडांना पन्हळी किंवा ताणाच्या तारा हव्यातच, नाहीतर कापड खाली येतं. छताखाली शिडासारखी ताणलेली कापडं हा स्वस्त मार्ग आहे. ती काढायची-घालायची असतात, रोज उघडमिट होत नाही. भाड्याच्या घराला किंवा दोन-तीन वर्षांच्या सोयीला चालतात.

काचेच्या बाहेरून, छताच्या वर लावायची ऑनिंग, म्हणजे कापडी सावली, ही उन्हाळ्यासाठी निर्विवाद सर्वांत चांगली गोष्ट, कारण ऊन काचेला लागण्याआधीच अडतं. इथे गडद रंगही चालतो. तापलेलं कापड बाहेरच राहतं. जर्मनीत हा प्रकार सर्रास दिसतो. पण खर्च कितीतरी पट, वाऱ्याला मिटून घेणारा सेन्सर आवश्यक, आणि हिवाळ्यात ऊब धरून ठेवायला याचा उपयोग जवळजवळ नाही. बारा महिन्यांचा हिशेब मांडला तर एका कुटुंबासाठी आतला हनीकोम्ब आणि छताची उघडणारी झडप ही जोडी आम्हाला जास्त पटते.

झडपेचा उल्लेख मुद्दाम केला. कुठलाही ब्लाइंड हवा बदलत नाही. छताची झडप आणि खालची एखादी खिडकी एकदमच उघडली तर गरम हवा वरून जाते आणि खालून गार येते. नुसता दरवाजा उघडून तेवढा फरक पडत नाही. आणि ब्लाइंड बंद करायची वेळ सकाळची. खोली तापल्यावर दुपारी एक वाजता पडदे ओढले तर फरशी, विटांची भिंत आणि फर्निचर यांनी साठवलेली उष्णता संध्याकाळपर्यंत बाहेर पडत राहते. घरी कुणी नसेल तर कामाला निघताना छप्पर बंद करून जावं.

हिवाळ्याचं गणित नेमकं उलटं. दिवसा ऊन असेल तेव्हा दक्षिणेचे ब्लाइंड्स उघडे ठेवायचे, अंधार पडला की सगळे बंद. डिसेंबरात लंडनला चारच्या आधीच सूर्य मावळतो, म्हणजे हे काम दुपारच्या चहाच्या वेळेचं. ब्लाइंडने किती ऊब वाचते याची मोजमापं आहेत. 2008 साली ग्लासगो कॅलेडोनियन विद्यापीठाने हिस्टॉरिक स्कॉटलंड या संस्थेसाठी जुन्या एकेरी काचेच्या खिडकीवर चाचण्या केल्या. त्यात जाड पडद्यांनी काचेतून जाणारी उष्णता 14 टक्के घटली, साध्या रोलरने 22 टक्के, हनीकोम्बने 36 टक्के, आणि रोलरला धातूसारखा परावर्तक थर लावल्यावर 45 टक्के. शेवटचा आकडा नीट पाहा: उन्हाळ्यासाठी सुचवलेला तोच चकचकीत थर थंडीतही कामाला येतो. दुहेरी काचेत मुळातच कमी उष्णता जात असल्यामुळे तिथे फायदाही कमी मिळेल, पण क्रम साधारण हाच धरावा.

घर आणि कन्झर्व्हेटरी यांच्यामधलं दार काढून टाकून मोठी खोली केलेली असेल, तर ब्लाइंडकडून फार अपेक्षा ठेवू नका. इंग्लंडमध्ये 30 चौरस मीटरपेक्षा लहान कन्झर्व्हेटरीला इमारत नियमांतून सूट मिळते, तिच्या अटींमध्ये मधे बाहेरच्या दर्जाची भिंत, दार किंवा खिडकी असणं आणि घरची हीटिंग व्यवस्था तिथे न वाढवणं हेही येतं. ते दार तिथे असतं याला कारण आहे. ते परत बसवणं हा बऱ्याचदा नव्या ब्लाइंडपेक्षा चांगला खर्च.

थंडीतली मोठी तक्रार मात्र वेगळीच: सकाळी ब्लाइंडच्या मागे काच पाण्याने थबथबलेली. हा ब्लाइंडचा बिघाड नाही. ब्लाइंड ऊब खोलीत अडवतो म्हणून काच अधिक गार होते आणि खोलीतली दमट हवा फटींतून मागे जाऊन तिथे दव बनते. तसंच राहू दिलं की कापडाच्या खालच्या कडेला बुरशीचे काळे ठिपके येतात आणि ते पुन्हा निघत नाहीत. रोज सकाळी तासभर ब्लाइंड्स वर करा, खिडकीची वरची हवेची फट उघडी ठेवा, आणि कपडे त्या खोलीत वाळत घालू नका. स्वयंपाकघर शेजारीच असेल तर कुकर लावताना मधलं दार बंद. फोडणीच्या तेलकट वाफेचाही विचार करावा: प्लीटेड आणि हनीकोम्ब कापड मशीनमध्ये धुता येत नाही, मऊ ब्रशने झटकणं आणि ओल्या फडक्याने टिपणं एवढंच शक्य. हळदीचा डाग बसला की बसला. स्वयंपाकघराच्या बाजूच्या खिडकीला अ‍ॅल्युमिनियमच्या 25 मिलिमीटर पट्ट्यांचा व्हेनेशियन लावला तर पुसता तरी येतो.

बाजूच्या खिडक्यांसाठी आमचं मत थोडक्यात. यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लास्टिकच्या खिडक्यांना ‘परफेक्ट फिट’ पद्धतीची चौकट सर्वांत सोयीची: काच आणि मणी (काच धरून ठेवणारी पट्टी) यांच्यामधल्या रबरात पातळ ब्रॅकेट सरकवून चौकट दाबून बसवायची, एकही भोक न पाडता. ब्लाइंड खिडकीच्या तावदानाबरोबरच उघडतो, कडेने उजेडाची रेघ येत नाही आणि थंडीत मागून गार हवा खाली घसरत नाही. लाकडी खिडक्यांना हे जमत नाही. यात हनीकोम्ब किंवा प्लीटेड भरून घ्या. बाहेरची बाग दिसत राहायला हवी तर 5 टक्के छिद्रांचं स्क्रीन कापड चांगलं. गडद रंगातून बाहेरचं स्पष्ट दिसतं, फिक्या रंगातून ऊन जास्त परत जातं, आणि दोन्ही हवं तर काचेकडून चंदेरी व आतून गडद असं कापड मिळतं. रोमन ब्लाइंड्स सुंदर दिसतात, पण वर घेतल्यावर खिडकीचा वरचा वीतभर भाग कायमचा झाकतात आणि दमट काचेपाशी त्यांना बुरशी लवकर धरते. व्हर्टिकल ब्लाइंड्स स्वस्त आहेत. दार उघडल्यावर वाऱ्याने पट्ट्या गुंततात, खालच्या साखळ्या तुटतात. नवे लावत असाल तर नकोच.

उत्तरमुखी खोलीला ब्लाइंडच लागत नाही, असं सांगणारे भेटतील. जूनमध्ये लंडनला सूर्य वायव्येकडे मावळतो, तोही रात्री सव्वानऊच्या सुमारास. त्यामुळे उत्तरेच्या काचांतून संध्याकाळचं तिरपं ऊन थेट डोळ्यांत येतं. तिथे छताऐवजी बाजूचे ब्लाइंड्स आधी, एवढा बदल करावा.

मापाचं काम कधी स्वतः करावं? लीन-टू, म्हणजे एकाच उताराच्या छताचे सगळे भाग आयताकृती असतात. ते घरी मोजता येतात. रुंदी तीन ठिकाणी आणि उंची तीन ठिकाणी मिलिमीटरमध्ये घ्या, सर्वांत लहान आकडा धरा, दोन्ही कर्ण जुळतात का पाहा. ऑर्डरमध्ये तुम्ही खाचेचं, म्हणजे ब्लाइंड जिथे बसतो त्या जागेचं माप दिलंय की तयार ब्लाइंडचं, हे स्पष्ट लिहा. खाचेचं असेल तर कारखाना स्वतःच थोडे मिलिमीटर वजा करतो. तुम्हीही आधी वजा केले असतील तर दोन्हीकडे फट राहते. परफेक्ट फिटसाठी काचेपासून चौकटीच्या पुढच्या कडेपर्यंत मण्याची खोलीही मोजा, ब्रॅकेट त्यावरच ठरतं. व्हिक्टोरियन पद्धतीचं, पंख्यासारख्या टोकाचं छप्पर असेल तर स्वतः मोजूच नका. तिथले त्रिकोणी भाग एकमेकांसारखे दिसतात, पण सगळे सारखे नसतात, आणि पाच मिलिमीटरची चूक तिरक्या कडेवर उघडी पडते. शिवाय निमुळत्या त्रिकोणातला ब्लाइंड पूर्ण उघडत नाही. तो तुकडा कायमचा बंदच ठेवावा लागेल का, हे फिटरकडून लिहून घ्या. पॉलिकार्बोनेटच्या छतावर स्क्रू कधीही पत्र्यात नको, मधल्या पट्ट्यांतच. पत्रा उन्हाने फुगतो-आकसतो आणि भोकातून गळती सुरू होते.

मोटर घ्यावी का? चार-पाच ब्लाइंड्सना लांब काठी पुरते. पंधरा-वीस असतील तर काठीने रोज कुणी उघडत नाही, ते एकतर कायम बंद राहतात किंवा कायम उघडे, आणि मग वर सांगितलेलं सकाळ-संध्याकाळचं वेळापत्रक बारगळतं. अशा छताला मोटरचा खर्च योग्य आहे, सोबत उन्हाचा सेन्सर किंवा निदान टायमर हवा. नवं बांधकाम चालू असेल तर तारेची वीज घ्या. तयार खोलीत बॅटरी सोयीची, पण लिथियम बॅटरी 45 अंशांवर चार्ज करू नये आणि छताखाली दुपारी त्याहून जास्त तापमान सहज होतं. चार्जिंग रात्री करा, आणि शक्य असेल तिथे बॅटरीची नळी काचेजवळ न ठेवता खाली सावलीत बसवायला सांगा.

घरात लहान मूल असेल किंवा सुट्टीत नातवंडं येत असतील तर दोरी-साखळीचा लोंबता वळसा नको. ब्रिटनमध्ये 2014 पासून याचे नियम कडक झाले आहेत. साखळी भिंतीला ताणून धरणारं क्लिप पाकिटात येतं, पण घरी बसवणारे ते बहुधा पाकिटातच ठेवतात. ते आधी लावा, ब्लाइंड नंतर. जुने ब्लाइंड्स असतील तर हेच क्लिप सुटं मिळतं, आणि खाट किंवा सोफा साखळीपासून दूर सरकवा.

कढीपत्त्याची किंवा मोगऱ्याची कुंडी थंडीत याच खोलीत ठेवत असाल तर ती रात्री ब्लाइंडच्या खोलीकडच्या बाजूला हवी. काच आणि बंद हनीकोम्ब यांच्यामधल्या खिडकीच्या फळीवर हवा खोलीपेक्षा बरीच गार असते. ब्लाइंडमुळे खोली उबदार आणि कुंडी मात्र गारठलेली, असं होतं आणि कढीपत्ता पानं गाळतो. फळी रुंद असेल तर ब्लाइंडचं माप घेतानाच कुंड्या तिथून हलवायच्या कुठे, ते ठरवून ठेवा.